चौदा फेरे उजवीकडे

धाकटे,

तुझ्या खात्याचा तो कागद मी फाडून टाकला. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी आता उपयोग नाही. वर ठळक अक्षरांत 'सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचा अल्पपरिचय', खाली चार रकाने: जन्म, शिक्षण, सेवेत रुजू, विशेष कामगिरी. त्या विशेष कामगिरीला दीड ओळ जागा. तुझ्या साहेबाने तो माझ्याकडे पाठवला, 'तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच भरून द्या' म्हणून. चाळीस वर्षं दीड ओळीत कोंबायची असतील, तर माणसाने शिकावं तरी कशाला?

तेव्हा लिहायचंच तर माझ्या पद्धतीने लिहिते. तुला 'तू' म्हणत लिहायला बसले तर पहिल्याच वाक्याला तोंड घालशील, 'ताई, तसं नव्हतं गं.' म्हणून तुला 'धाकटी' म्हणते आणि स्वतःला 'थोरली'. यात एक सोय अशी, की थोरलीला चार शब्द सुनावायचे झाले तर मला भीड पडणार नाही. तिला ते सुनावायला हवेतच. आता गप्प बस आणि ऐक.

धाकटी पाणी सोडायची. शहराच्या कडेला उंचावर पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यापासून रस्त्यारस्त्यांत गेलेल्या नळांवर जागोजागी चौकोनी लोखंडी झाकणं आहेत. झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. हातात कमरेएवढी लोखंडी चावी, वर आडवा दांडा असलेली. ती खड्ड्यात सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची, वाकायचं आणि फिरवायची. इतके फेरे की या वस्तीला पाणी, तितके फेरे की त्या वस्तीचं बंद. असे बावीस व्हॉल्व्ह, प्रत्येकाचे फेरे वेगळे. कुठला अकरा, कुठला एकोणीस. सगळे तिच्या डोक्यात. लोक तिला चावीबाई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, बाकी कुठे नव्हतं.

हे काम आधी वडिलांचं. त्यांची पाठ धरली तेव्हा थोरली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि धाकटी शाळेच्या शेवटच्या. घरात एकीलाच शिकवता येईल हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. धाकटीनेच कोंडी फोडली. "ताईला शिकू द्या. मला वर्गात झोप येते."

झोप येत होती हे अगदी खरं. पहाटे चारला उठून ती वडिलांच्या हातातली चावी ओढायला जायची, झोप येणार नाही तर काय होईल? पण ही गोष्ट थोरलीच्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. हुशार माणसांचं असंच असतं.

वडिलांनी तिला एक शिस्त लावली होती. फिरवताना बोलायचं नाही. फेरे मनात मोजायचे, आणि मध्ये कोणी बोललं, मोजणी तुटली, तर अंदाजाने पुढे जायचं नाही. सगळे फेरे उलटे घेऊन व्हॉल्व्ह पुरता बंद करायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. 'अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि अर्धवट ऐकलेली गोष्ट,' वडील म्हणत, 'दोन्ही घर बुडवतात.' खालच्या आळीतल्या बायांना हे पाठ होतं. धाकटी वाकलेली दिसली की भांडणसुद्धा थांबायचं. ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, की मग "काय चावीबाई, आज गुडघा काय म्हणतो?" आणि भांडण पुढे चालू.

टेकडीवरच्या बंगल्यांत मात्र ती शिष्ट समजली जायची. तिथले लोक सकाळी फिरायला निघत, तिला "गुड मॉर्निंग" घालत, आणि ती खाली मान घालून उत्तरच देत नसे.

टेकडीवर थोरली राहायची. तिचं लग्न नळ, शॉवर, वॉशबेसिन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याशी झालं होतं. माणूस भला, दुकान मोठं, घर त्याहून मोठं. पाच न्हाणीघरं. धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा ती पाचही न्हाणीघरं फिरून बघून म्हणाली, "भावोजी, नळ एकसे एक आहेत. पण नळ तुमचे, पाणी माझं. माझ्याशिवाय फिरवून बघा, काय निघतं ते." भावोजींना हे इतकं आवडलं की ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत.

थोरली कॉलेजात भूगोल शिकवायची. जगात कुठे किती पाऊस पडतो ते तिच्या जिभेवर. स्वतःच्या नळाला पाणी कुठल्या रस्त्याने येतं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती. टेकडीवरच्या जेवणांत एक वाक्य मिठासारखं असायचं, कमी पडलं तर मागून घेतलं जायचं: "या देशाचं काही खरं नाही." रस्ते बघा, कारकून बघा, रांगा बघा. थोरलीचा मुलगा परदेशी गेला तेव्हापासून त्या वाक्याला पुरावाही मिळाला. तो फोनवर सांगायचा, इकडे असं असतं, इकडे तसं असतं. इकडे नळ चोवीस तास.

धाकटी त्या टेबलाशी कधीमधी असायची. एकदा तिने विचारलंही, "ताई, देश देश म्हणता तो कोण गं? साडेसहाला टेकडीवर पाणी चढतं ते देश सोडतो की मी?"

"तुझं वेगळं."

"माझं वेगळं, पोस्टातल्या बाईचं वेगळं, तुझ्या कॉलेजातल्या शिपायाचं वेगळं. मग उरतं कोण?"

थोरलीने तिला भाजी वाढली. अडली की ती वाढायला घेते.

टाकीच्या पायथ्याशी धाकटीला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन. तो शाळांचे गणवेश शिवायचा, त्यामुळे वर्षातले चार महिने घरात बटणं पायाखाली यायची. आतल्या खोलीत स्वयंपाक, दोन खाटा आणि एक फ्रिज. फ्रिज थोरलीने दिला होता, स्वतःकडे नवा घेतल्यावर. धाकटीने त्याच्या खालच्या कप्प्यात ग्रीसचे डबे ठेवले. "उन्हाळ्यात ग्रीस पाघळतं गं, फार सोय झाली." थोरलीला हसावं की रडावं कळेना. आपल्या बहिणीकडे काही नाही आणि ती तक्रारही करत नाही, याचा थोरलीला मनातून राग यायचा. गरिबाने थोडंतरी कुरकुरावं, म्हणजे देणाऱ्याला बरं वाटतं.

आता मुद्द्याचं.

मुलगा पाच वर्षांनी येणार होता. बायको तिकडचीच. तिचे आईवडीलही यायचे होते, पहिल्यांदाच. रविवारी दुपारी सव्वाशे माणसांचं जेवण. थोरलीने पडद्यांपासून सगळं बदललं. परक्या व्याह्यांच्या डोळ्याला या देशातलं काहीही खुपता कामा नये, असा चंग बांधला. मग तिला आठवलं, की टेकडीला पाणी साडेसहा ते सात दहा. चाळीस मिनिटं. गच्चीवरच्या टाकीत सव्वाशे माणसांचं धुणं-पुसणं भागणार नव्हतं.

ती गुरुवारी संध्याकाळी क्वार्टरवर गेली. धाकटी बटणं निवडत होती.

"रविवारी टेकडीला अर्धा तास जास्त सोड. एकच दिवस."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे?"

"अर्धा तास कोणाचा? टाकीत मोजून पाणी असतं, ताई. तुझा अर्धा तास म्हणजे खालच्या आळीचा अर्धा तास. तुम्हाला गच्चीवर टाक्या आहेत. त्यांच्याकडे बादल्या आहेत."

"त्यांना सोमवारी दे."

"म्हणजे रविवारी त्यांनी सोमवारचं पाणी प्यायचं?"

"मला शिकवू नकोस."

"तुला शिकवणारी मी कोण? टँकर मागव की."

"दारात टँकर उभा राहिला तर त्या लोकांना काय वाटेल? त्यांच्याकडे चोवीस तास पाणी असतं. आणि इथे माझी सख्खी बहीण मला मिनिटं मोजून देते."

"वाटायचंय काय त्यात? चाळीस मिनिटं येतं, पण रोज येतं. सांग त्यांना. माझी बहीण सोडते म्हणून सांग. मी येते हवं तर, चावी घेऊन दाखवते."

थोरलीच्या डोळ्यांसमोर व्याह्यांपुढे चावी घेऊन उभी असलेली बहीण आली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते धाकटीने पाहिलं. बटणांवरचा हात थांबला.

मशीनवरून नवरा म्हणाला, "मी मध्ये बोलू का?"

"नको," दोघी म्हणाल्या.

थोरली उठली. जाता जाता बोलून गेली, "तू सुखात असतेस, कारण तुला दुसरं काही माहीतच नाही. विहिरीतला बेडूक."

"बेडूक तर बेडूक," धाकटी म्हणाली. "पाण्यात तरी आहे."

घरी येऊन थोरलीने धाकटीच्या साहेबाला फोन लावला. साहेब कधीकाळी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. बाईंचा फोन म्हटल्यावर तो खुर्चीतून उठूनच बोलला असावा. "बाई, काळजीच करू नका. तुमच्या बहिणीला कळायचंही नाही."

रविवारी सकाळी सहाला धाकटी खालच्या आळीच्या व्हॉल्व्हवर होती. साडेसहाला टेकडीच्या व्हॉल्व्हवर आली, झाकण उचललं, चावी बसवली आणि फिरवली. चावी हलली नाही.

टेकडीच्या व्हॉल्व्हची एक गंमत आहे, ती सांगायलाच हवी. बावीसांपैकी एकवीस व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात. टेकडीचा नळ मागाहून टाकला, कंत्राटदार वेगळा, त्याने कुठूनसा उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह आणून बसवला. तो उजवीकडे उघडतो. चौदा फेरे उजवीकडे. वडिलांनी झाकणाच्या आतल्या बाजूला छिन्नीने बाण कोरला होता, तो गंजाने कधीच खाल्ला. पण धाकटीच्या हाताला तो ठाऊक होता, आणि तोवरच्या एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात तिथे गेलाच नव्हता.

त्या सकाळी गेला होता. झाकणावरची माती पुसलेली होती. बाजूला हातभर लोखंडी पाइप पडला होता, चावीच्या दांड्यावर चढवून जोर लावायला घेतात तसा. धाकटीने खाली वाकून पाहिलं आणि तिला सगळी हकीकत वाचल्यासारखी कळली. कोणीतरी सहाच्या सुमाराला ऑफिसातली दुसरी चावी घेऊन आलं आणि टेकडीचं पाणी आधीच सोडायला गेलं. डावीकडे फिरवलं. आधीच बंद असलेला व्हॉल्व्ह आणखी बंद होईना, तेव्हा गंजला असेल म्हणून पाइप लावून रेटलं. आतली झडप आपल्या खाचेत पाचरीसारखी ठोकून बसवली. ही चूक व्हॉल्व्हची ओळख नसताना त्याच्याशी भांडणाऱ्या माणसाचीच होती.

जोर लावून बसलेली झडप जोर लावून निघत नाही. व्हॉल्व्हच्या आतला दांडा मोडतो, मग रस्ता खणायचा आणि टेकडी चार दिवस कोरडी. धाकटीने केस बांधले, पोटावर आडवी झाली, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला आणि दांड्याच्या मुळाशी तेल सोडलं. मग वाट पाहिली. मग केसभर उजवीकडे, केसभर डावीकडे. पुन्हा तेल. पुन्हा वाट.

सात वाजले. टेकडीवरचे नळ फुस्स करून गप्प झाले. साडेसातला लोक फाटकांवर आले. आठला कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले: तिनेच बंद ठेवलं. बहिणीच्या घरी समारंभ, परवाच दोघींचं वाजलं, डोळ्यांत खुपतंय. असं व्हायचंच. एक वर, एक खाली. कोणी अर्ज लिहिला, कोणी पेन दिलं.

थोरलीला हे खरं वाटलं. इथे मी काही सारवासारव करणार नाही. ज्या बहिणीने वर्गातल्या झोपेचं निमित्त सांगून आपलं शिक्षण हिच्या पदरात टाकलं, त्या बहिणीने जळून पाणी तोडलं असेल, असं थोरलीला तासभर अगदी स्वच्छ खरं वाटलं. तिने गाडी काढायला लावली. मुलगा म्हणाला, "मीही येतो." बहुतेक त्याला दोघींच्या मध्ये उभं राहायचं होतं.

नऊला गाडी खड्ड्याशी थांबली. रस्त्यावर धाकटीचे फक्त पाय आणि पाठ दिसत होती.

"मिळालं समाधान?" थोरली म्हणाली. "सव्वाशे माणसं यायचीत. नाक कापलंस माझं."

खड्ड्यातून आवाज आला, "ताई, मागे हो. उजेड अडतोय."

थोरली खरोखरच मागे झाली. लहानपणापासून धाकटीच्या आवाजात असं काही आलं की ती मागे व्हायची, आणि मग स्वतःवर चिडायची. चिडायला आजूबाजूला काही मिळतंय का पाहताना तिला तो पाइप दिसला. आणि पलीकडे पंपघराच्या पायरीवर डोकं धरून बसलेला एक पन्नाशीचा माणूस दिसला, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, तळहाताला फोड. तो करवसुलीतून महिन्यापूर्वी बदलून आला होता. आयुष्यात त्याने फिरवलेली सगळ्यात जड गोष्ट म्हणजे रजिस्टरचं पान.

तो उठून आला. "बाई, यांचा काही दोष नाही. मी फिरवलं. साहेब म्हणाले, सहाला जाऊन टेकडीचं अर्धा तास आधी सोडून ये, हिला सांगू नकोस. साहेबांना टेकडीवरून कोणाचा तरी फोन होता."

थोरलीची पदवी, पदव्युत्तर पदवी आणि सत्तावीस वर्षांची व्याख्यानं यांतलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

मुलगा तेवढ्यात बूट काढून खड्ड्याच्या काठावर बसला होता. "मावशी, मी काय धरू?"

"ती बत्ती धर. खाली, अजून खाली. माझ्या तोंडावर नको, मला माझं तोंड माहीत आहे."

त्याने धरली. बराच वेळ नुसता तेलाचा वास आणि लोखंडाची कुरकुर. मग तो सहज म्हणाला, "तिकडे हे सगळं आपोआप होतं, मावशी."

"आपोआप काही होत नाही रे राजा. तिकडे कोण फिरवतं ते तुला दिसत नाही, एवढंच."

तो म्हणाला, "असेल." वाद घातला नाही. पण बत्ती जरा नीट धरली.

साडेदहाला झडप सुटली. आवाज झाला नाही, धाकटीच्या दंडाला कळलं. ती उठून उभी राहिली, कोपरापर्यंत काळी, गुडघे सोललेले. चावी नीट बसवली आणि उजवीकडे पहिला फेरा घेतला. अगदी सावकाश. दुखावलेल्या व्हॉल्व्हला घाई चालत नाही.

नेमका त्याच वेळी साहेब जीपमधून उतरला. मागे टेकडीवरचे आठदहा जण. साहेबाच्या हातात अर्ज. त्याला थोरली दिसली आणि तो जरा चाचरला, पण मागे माणसं होती.

"चावीबाई, पस्तीस सह्या आल्यात. तुम्ही वैयक्तिक आकसाने पाणी अडवलंत असं लिहिलंय. चौकशी होईपर्यंत चावी जमा करा आणि उद्यापासून ऑफिसात बसा."

धाकटीची मान खाली. फेरा. आळीतली एक बाई बादली घेऊन येऊन उभी होती, ती साहेबाला म्हणाली, "फिरवताना बोलत नाही ती."

साहेबाने घसा खाकरला आणि गप्प झाला. मग सगळेच गप्प झाले. टेकडीवरचे लोक पहिल्यांदाच तिला इतक्या जवळून फिरवताना बघत होते. पाठीचा कणा कसा वळतो, श्वास कुठे सोडते, पाय कुठे रोवते. सहावा. सातवा. खाली नळात पाणी जागं झाल्याची घरघर.

साहेबाच्या हातातला अर्ज थोरलीला दिसत होता. पहिली सही तिच्या नवऱ्याची होती. तिला कळत होतं की हे फेरे संपले की चावी जाणार. धाकटी नव्या माणसाचं नाव घेणार नाही, कारण तो बायकामुलांचा आणि नवा. ती फोनचंही बोलणार नाही, कारण टेकडीवरून साहेबाला फोन करणारं कोण असणार हे तिला नऊ वाजल्यापासून कळलेलं होतं. ती चावी देईल, घरी जाईल आणि बटणं निवडेल. एकतीस वर्षांवर 'आकस' असा शिक्का बसेल, आणि तो बसवणाऱ्या हाताला शाई लागलेलीही दिसणार नाही.

"फोन मी केला होता," थोरली म्हणाली.

वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "अर्धा तास जास्त हवा म्हणून हिच्याकडे मागितला, हिने दिला नाही. म्हणून मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी या गृहस्थांना पाठवलं. यांना व्हॉल्व्ह उलटा आहे हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तुम्हा पस्तीस जणांना तर व्हॉल्व्ह असतो हेच माहीत नव्हतं. पहिली सही आमच्या घरातली आहे, ती मी मागे घेते. बाकीच्यांनी आपापलं बघा."

धाकटी थांबली. कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि बहिणीकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "अकरावर होते."

थोरलीने डोळे मिटले.

धाकटी पुन्हा वाकली. डावीकडे सगळे फेरे परत घेतले, व्हॉल्व्ह पुरता बंद केला. टेकडीच्या नळात निघालेलं पाणी पुन्हा अडलं. मग उजवीकडे, एक. मुलाला हसू आवरेना, त्याने तोंडावर हात दाबला. साहेब, व्यापारी, वकील, एक निवृत्त न्यायाधीश, सगळे उन्हात उभे राहिले आणि एका बाईचे चौदा फेरे पुरे होईपर्यंत कोणी खोकलं नाही. चौदावा झाला. तिने चावी काढली, घड्याळ पाहिलं आणि साहेबाला म्हणाली, "पावणेअकराला सुरू. अकरा पंचवीसला बंद करते. रोजची चाळीस मिनिटं. चावी आत्ता देऊ की बंद करून देऊ?"

साहेब म्हणाला, "राहू दे, राहू दे." अर्ज त्याने घडी घालून खिशात ठेवला, तो पुढे कुठे गेला देव जाणे.

थोरली घरी आली. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन निळी पिंपं उभी होती, आणि हातगाडीला टेकून धाकटीचा नवरा घाम पुसत होता. तो साडेसातलाच निघाला होता, चढ खडा, वाटेत चाक निखळलं. एक पिंप आचाऱ्याने अर्धं संपवलंही होतं.

"हे कुठून?"

"घरचं. ती शुक्रवारपासून आमच्या नळाचं साठवतेय. तुमच्याकडे पाहुणे ना." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी दोन दिवस आंघोळ केली नाही, तेव्हा जरा लांबूनच बोलतो."

दुसऱ्याच्या वाटचं भांडंभर दिलं नाही आणि स्वतःच्या वाटचं सगळं वर पाठवलं. थोरली तिथेच पायरीवर बसली. आतून आचारी विचारत होता, डाळ चढवू का. तिने हो म्हटलं की नाही, तिला आठवत नाही.

व्याही जेवले. व्याह्याने हात धुताना नळाकडे बोट दाखवून काही विचारलं, तेव्हा मुलाने बायकोकरवी त्याला सगळी हकीकत सांगितली, पाइपापासून अकराव्या फेऱ्यापर्यंत. तो हसला, मग गंभीर झाला, मग त्याने नळ बंद केला. इतका घट्ट, की भावोजींना दुसऱ्या दिवशी वॉशर बदलावा लागला.

यानंतर सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. टेकडीवर आजही जेवताना 'या देशाचं काही खरं नाही' होतं. मुलगा तिकडेच राहिला आणि सुखात आहे. रस्ते, कारकून, रांगा जिथल्या तिथे. एवढं झालं, की टेकडीवरचे लोक धाकटी वाकलेली दिसली की गुड मॉर्निंग तोंडातल्या तोंडात ठेवून जायला लागले. आणि थोरली ते वाक्य म्हणेनाशी झाली. पटत नाही म्हणून नव्हे, कधीकधी पटतंही. पण म्हणताना जीभ अडखळते. समोर सोललेले गुडघे येतात.

तिने एकदा धाकटीला विचारलं, "तुला कधी वाटलं नाही का गं, मला शिकायला मिळतं तर आज मी वर असते?"

"वाटलं की. पहिली दोन वर्षं रोज वाटायचं."

"मग?"

"मग फेरे पाठ झाले." ती ग्रीसचा डबा फ्रिजमध्ये ठेवत म्हणाली. "पहाटे शहर झोपलेलं असतं, ताई. मी फिरवते आणि खाली पाणी निघतं. पहिल्या घरात बादली वाजते, मग दुसऱ्या. मी उभी राहून ऐकते. त्या वेळी मला कोणी राजवाडा दिला ना, तर मी म्हणेन, ठेव तिकडे, मोजणी चुकेल."

धाकटे, आता पुन्हा तुझ्याशीच बोलते. साहेबाला मी हे सगळं देणार आहे, रकाने-बिकाने काही नाहीत. समारंभात वाचायला लांबलं तर त्याने बसून वाचावं. शेवटच्या बाकावरच्यांना जास्त वेळ लागतोच.

पण एक गोष्ट मी त्यात घालणार नाही, ती तुला इथेच सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वी मी मुलाकडे निघाले, तेव्हा तू बॅगेला दोरी बांधता बांधता एक काम सांगितलंस. "तिथला पाणी सोडणारा शोध. बाई असली तर फारच छान. माझा नमस्कार सांग, आणि सकाळी किती वाजता उठतो ते विचारून ये." मी हो म्हटलं. सहा महिने राहिले. नळ उघडला की पाणी यायचं, रात्री, दुपारी, केव्हाही, आणि दर वेळी तू सांगितलेलं आठवायचं. उद्या विचारू, म्हणायचे. कोणाला विचारायचं तेही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुलाच्या घरी हसतील अशी भीती वाटली. परत आले. विमानतळावर तू आधी हाच प्रश्न केलास. माझ्या तोंडून निघून गेलं, "भेटला. साडेचारला उठतो."

तू किती खूश झालीस. "म्हणजे माझ्यानंतर अर्धा तास," म्हणालीस, आणि ते खालच्या आळीत सगळ्यांना सांगत सुटलीस. अजून सांगतेस.

मी कोणाला भेटले नाही.